गौरीच्या दिवशीचे एकशे बारा मिलिमीटर

शाहूपुरी, कोल्हापूर
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप शालूमावशी आणि जोतीरामकाका यांना वर्षाराणीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. सम्राटचा गुडघा दमट हवेत दुखतो, पण तो ते मान्य करत नाही. तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता ना, अजून वाटतं कुणीतरी बघतंय. तुझी कंबर, काकांचा खोकला आणि धाकटी म्हैस, तिघांची तब्येत सविस्तर कळव. म्हशीचं आधी कळवलंस तरी चालेल, तुम्ही दोघं स्वतःबद्दल खरं सांगत नाही.

पत्र बघून घाबरू नकोस, वाईट काही नाही. फोन असताना पत्र का, तर फोन तू स्पीकरवर टाकतेस, काका मध्ये बोलतात, रेंज जाते, आणि मला जे सांगायचंय ते एका दमात होत नाही. शिवाय परवाच्या त्या फोननंतर पुढं काय झालं ते तुला अजून माहीत नाही. ते मी क्रमानंच सांगणार आहे. (काका, पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचणार हे मला ठाऊक आहे. मध्ये थांबून पदरचं काही घालू नका, आणि शेवटचं पान आधी बघू नका.)

तुला सगळं माहीत आहे, पण काकांना नेहमी अर्धंच माहीत असतं, म्हणून थोडं मागचं. लेक शिकायला पुण्याला गेली, सम्राट दिवसभर दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी वाइंड करत बसतो, आणि मी घरात नुसती डबे पुसत होते. त्यात एक दिवस माळ्यावरून ती जुनी वही खाली आली. चोवीस वर्षांपूर्वीची, बी. ए. पहिलं वर्ष, भूगोल, प्रात्यक्षिक. शेवटची सात पानं कोरी. लग्न ठरलं, तारीख परीक्षेच्या आठवड्यात आली आणि सात पानं राहिली ती राहिलीच. मी वही पुसली, सम्राटपुढं ठेवली आणि म्हटलं, मला ही पुरी करायची आहे. तो म्हणाला, सात पानंच आहेत, रविवारी बसून करून टाक. त्याला कॉलेज कसं चालतं ते समजावण्यात एक रविवार गेला, आणि जूनमध्ये मी पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं.

पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तशी एकतीस पोरं उठून उभी राहिली. मागून आलेल्या क्रांती मॅडमनी (वय एकोणतीस, भूगोल शिकवतात, बारीक चणीच्या आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत) मला अदबीनं सांगितलं की पालकसभा पुढच्या शनिवारी आहे. मी फीची पावती दाखवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी बघितली, मग मला पहिल्या बाकावर बसवलं, आणि तेव्हापासून एकही सवलत दिली नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, हे आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

आमचा विषय प्राकृतिक भूगोल. म्हणजे डोंगर, नद्या, वारा, पाऊस, दगड हे सगळं, आणि दर आठवड्याला त्यातलं काहीतरी घरून करून आणायचं. पहिलं काम समोच्च रेषांचं. एकाच उंचीवरच्या जागा जोडत जाणारी रेष, अशा रेषा एकात एक काढल्या की कागदावर डोंगर दिसतो. मला डोंगर सोडून सगळं दिसलं. माझ्या दोन रेषा एकमेकींना कापून पलीकडे गेल्या. मॅडम म्हणाल्या, असं झालं तर एकच जागा एकाच वेळी दोन उंचींवर आहे असा अर्थ होतो. तीन रात्री मी कागद फाडले. मग एकदा दूध आटवायला ठेवलेलं असताना तुझं बासुंदीचं पातेलं आठवलं. दूध आटत खाली जातं तशी आतून एकेक कड राहते, सगळीकडून सारख्या उंचीवर, आणि एक कड दुसरीला कधी कापत नाही. पातेल्याची बाजू जिथं उभी, तिथं वरून बघताना कडा जवळजवळ दिसतात. पसरट असेल तिथं लांब लांब. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. मॅडमनी फळ्यावर पातेलं काढलं. आता सगळा वर्ग त्याला शालूमावशीचं पातेलं म्हणतो, आणि एका पोरानं चाचणीतही तसंच लिहिलं.

दुसरं काम दगडांचं. वेगवेगळ्या प्रकारचे पाच दगड जमवायचे, मुठीएवढे, चिठ्ठी लावून. मी कामाला लागले. एक पंचगंगेच्या घाटाजवळून आणला, एक जोतिबाच्या वाटेवरून, एक पन्हाळ्याच्या पायथ्याचा, एक शिवाजी पेठेत गटाराचं काम चाललं होतं तिथला, आणि एक आमच्याच दुकानामागचा. स्कूटर सम्राट चालवत होता आणि प्रत्येक ठिकाणी लोक विचारत होते की वहिनी काय हरवलंय का. मॅडमनी पाचही दगड हातात घेऊन बघितले आणि सांगितलं की पाचही बेसाल्ट आहेत. आपला सगळा मुलूखच त्या एका दगडाचा, त्याला मी काय करणार. तेव्हा मी तुला फोन केला की तुमच्याकडचा तांबडा जांभा असेल तर एक छोटा तुकडा पाठव. तू एसटीनं तांदळाच्या पोत्यात घालून अख्खा चिरा पाठवलास, घर बांधायचा. कंडक्टरनं तो उतरवताना मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. पण वर्गात सगळ्यांत मोठा नमुना माझा होता, त्याचा कोपरा फोडून सहा पोरांनी आपापली चिठ्ठी लावली, आणि उरलेल्यावर पाय ठेवून सम्राट आता मोटारी वाइंड करतो. गुडघ्याला बरं पडतं म्हणतो.

आता पावसाकडं येते. तिसरं आणि सर्वांत मोठं काम ते. दोन ठिकाणचा तीस दिवसांचा पाऊस मोजायचा, रोज सकाळी साडेआठला, आणि दोन्हींची तुलना करून आलेख काढायचा. एक ठिकाण आमची गच्ची. दुसरं राधानगरीकडचं तुमचं अंगण, कारण तिथल्या पावसाला तोड नाही आणि काकांसारखा मोजणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात नाही. तीस वर्षं दूध संस्थेत माप घेतलेले हात. मी प्लास्टिकची मोठी बाटली कापून, तोंड उलटं बसवून, बाजूला पट्टी चिकटवून दोन पर्जन्यमापक केले आणि एक तुमच्याकडं पोचवला. काकांनी तुळशीपासून चार हातांवर, पाणसळ लावून तो बसवला. रोज साडेआठला फोन. पहिल्या दिवशी म्हणाले, "अठरा मिलिमीटर, फॅट कमी." त्यानंतर सवय मोडली. चष्मा लावून, गुडघ्यावर बसून, पट्टीच्या समोर डोळा आणून त्यांनी तीस दिवस आकडे सांगितले. काका, तुमचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही. खरंच कळत नाही.

परीक्षा येत्या मंगळवारी आहे. वहीवर मॅडमची सही असेल तरच परीक्षेला बसायचं, नाहीतर वर्ष गेलं. गेल्या शुक्रवारी मी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्या पानं उलटत गेल्या, कोल्हापूरचे आकडे बघून म्हणाल्या की किती नीटनेटके आहेत, आणि मग आलेखावर थांबल्या. गौरी जेवणाच्या दिवसाची नोंद. त्या दिवशी जिल्ह्यात कुठं थेंब नव्हता, सगळीकडं लख्ख ऊन. आणि शालूमावशीच्या अंगणात एकशे बारा मिलिमीटर, सणाच्या गडबडीत मी फोनवर ऐकला तसा उतरवलेला. आलेखात तो एकच खांब पानाबाहेर जाऊन समासात शिरला होता. मॅडमनी वही मिटली आणि शांतपणे विचारलं, "वर्षाताई, हे आकडे घरी बसून भरलेत का?"

मावशी, मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी तिथूनच काकांना फोन लावला. काका इतके दुखावले की आधी बोलेनात, मग बोलायचे थांबेनात. तीस वर्षांत एकाही गवळ्यानं आपल्या मापावर बोट ठेवलं नाही, सर रात्री झोपेत येऊन गेली असेल, आकडा म्हणजे आकडा, बाई कुठल्या गावच्या. फोन स्पीकरवर होता, मॅडमनी सगळं ऐकलं. सोमवारपर्यंत खुलासा आणा, नाहीतर सही नाही, असं म्हणून त्यांनी वही आपल्या कपाटात ठेवली. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. वही पुन्हा अर्धीच राहणार असं वाटत होतं.

सोमवारी मॅडमच्या समोर बसूनच मी पुन्हा फोन लावला. काका पुन्हा सुरू झाले आणि तू स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्या हातातून फोन घेतलास. तू काय बोललीस ते तुला आठवत असेल, पण मला ते कागदावर पाहिजे आहे, म्हणून लिहिते.

"बाई, पाणी म्या वतलंय त्यात. एक तांब्या. सणाच्या दिवशी अंगणात भांडं रिकामं हुतं, गौराई घरात असताना. आनि ह्या पोरीचं लगीन मीच जमिवलंतं, तवा तिची वही अपुरी राहिली. आता बाटली बी रिकामी दिसली. मला बघवलं न्हाय. तिचा काय दोष न्हाय ह्यात."

मॅडमनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग त्यांनी तुला मावशी म्हणून हाक मारली आणि विचारलं की तांब्या केवढा होता. तू म्हणालीस, लिटराचा, काठोकाठ नव्हता. त्यांनी कागदावर बाटलीचं माप घेऊन गणित केलं आणि हसायलाच लागल्या. गणित बरोबर येत होतं. म्हणजे काकांचा आकडा शेवटच्या मिलिमीटरपर्यंत खरा होता; पाऊस तेवढा तुझा होता. (काका, इथं थांबून चहा घ्या, मान मिळाला.) मॅडमनी मला त्या नोंदीसमोर लाल शाईनं लिहायला लावलं: "घरच्या व्यक्तीनं पाणी ओतलं. नोंद रद्द." म्हणाल्या, चूक झाली तर चूक लिहायची, पान झाकायचं नाही. आणि खाली सही केली. निळ्या शाईची, लांब शेपटाची सही.

मावशी, चोवीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात मी रागानं तुला म्हटलं होतं की तुझ्यामुळं माझी वही राहिली. तू तेव्हा नुसती माझ्या हातातल्या बांगड्या नीट केल्यास. मला वाटलं तू विसरलीस. तू विसरली नव्हतीस, आणि मी एवढ्या वर्षांत एकदाही माफी मागितली नाही. ती आता मागते. सम्राट चांगला माणूस आहे, स्थळ चांगलंच आणलं होतंस. बाटली भरलीस म्हणून मी चिडले नाही. कुणीतरी माझी वही माझ्याइतकीच मनात धरून बसलं होतं, हे मला त्या एकशे बारा मिलिमीटरनं कळलं.

बाकी सर्व क्षेम. सम्राटचा दोघांना नमस्कार. म्हशीच्या पाठीवरून हात फिरव.

तुझीच,
वर्षाराणी

ता. क. मॅडमना तुझं अंगण बघायचं आहे. येत्या रविवारी वर्गाची अभ्याससहल तुमच्याकडं ठरली आहे. एकतीस पोरं, मॅडम आणि मी. फार काही करू नकोस, असं लिहिते आहे, पण तू ऐकणार नाहीस हे सगळ्या वर्गाला मी आधीच सांगून ठेवलंय. बासुंदीचं पातेलं तेवढं घासून टाकू नकोस, कडा दाखवायच्या आहेत.

ता. ता. क. दगड देऊ नकोस कुणाला. बस लहान आहे.

ता. ता. ता. क. हे खरं तर आधी लिहायचं होतं, आणि त्याचसाठी पत्र लिहायला बसले होते. मॅडमनी ज्या कोल्हापूरच्या आकड्यांना नीटनेटके म्हटलं, त्यातले गौरी-गणपतीचे पाच दिवस मी गच्चीवर गेलेच नव्हते. घरात पाहुणे होते, पुरणाचा घाट होता. पाचही आकडे मी चुलीपुढं बसून अंदाजानं भरले. तुझा तांब्या मॅडमना दिसला, माझे पाच दिवस दिसले नाहीत. तू फोन घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलंस, आणि मी समोर बसून गप्प राहिले. तेव्हापासून ती सही उघडून बघवत नाही. रविवारी तुझ्या अंगणात मी मॅडमना सांगणार आहे. त्या सही खोडतील, कदाचित मंगळवारी बसूही देणार नाहीत. तुझ्याकडं एकच मागणं आहे: तेव्हा माझ्या शेजारी उभी राहा. बोलू नकोस, या वेळी मीच बोलते. (काका, एवढा भाग हळू आवाजात वाचा.)