केइमाची उडी

३ सप्टेंबर
आमचे गुरुजी, शिओबारा सेन्सेई, मंडळाच्या पत्रिकेचं संपादन सोडणार. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाला की पत्रिका 'कोणाच्या तरी' हाती देणार म्हणे. कोणाच्या तरी! तेन्दोच्या सुडोकू मंडळात माझ्याशिवाय आहे कोण? उओझुमीबाई? त्यांचं कोडं टीचभर आणि नियम अर्धा पान. वर प्रत्येक कोडं आधी तीन जणांकडून सोडवून घेतात. रस्सा पाहुण्यांना वाढण्याआधी शेजारपाजाऱ्यांनी चमचे बुडवायचे, तसलं.

४ सप्टेंबर
संकल्प. सेन्सेईंना वाढदिवसाला हाताने रचलेलं कोडं द्यायचं. कॉम्प्युटरला हात लावणार नाही. (येत नाही म्हणून नव्हे.) रोज पहाटे उठून दोन तास.

५ सप्टेंबर
पहाट हुकली. खऱ्या रचनाकाराला झोप लागतेच.

१६ सप्टेंबर
आंघोळ करताना सुचलं! मधल्या ओळीत दोन घरं रंगवायची. कोडं सुटलं की तिथे २ आणि ४. दोन म्हणजे फु, चार म्हणजे शी. फुशी, म्हणजे अमर! म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी नाही आलं तर मिशी काढीन.

उलट ४ आणि २ आले तर मात्र शिनी (दोनाला नी असंही म्हणतात), म्हणजे मरण. हा आकडा दवाखान्याच्या खोलीलाही देत नाहीत. म्हणून खास नियम घातला: घोड्याच्या चालीवर तोच अंक पुन्हा नको. घोडा अडीच घरं कुठेही उडतो, त्यामुळे ४ आणि २ येणं अशक्य.

हा नियम बुद्धिबळातला. बाकीचे 'नाइट' असं लिहितात. परक्यांची उष्टी भाषा! मी आपल्या शोगीतल्या, म्हणजे जपानी बुद्धिबळातल्या, घोड्याचं नाव लिहिलं, केइमा. 'केइमाच्या चालीवर तोच अंक नको.' एक ओळ. शिका म्हणावं उओझुमीबाई.

२८ सप्टेंबर
कोडं पूर्ण. अप्रतिम. तपासायची गरज नाही, मीच रचलंय.

२९ सप्टेंबर
नोबुएने (बायको) न विचारता सोडवायला घेतलं. भाजी शिजेपर्यंत संपवलंसुद्धा. मधे काय आलं विचारलं तर म्हणाली, "बेचाळीस." मी हसलो. म्हटलं, चुकलीस. ती म्हणाली, "नियम सगळे पाळलेत हो. एकदा बघा तरी." कशाला बघू? बापाबरोबर चार डाव शोगी खेळली की बाईमाणसाला वाटतं आपल्याला डोकं आहे.

६ ऑक्टोबर
जाड कागदावर शाईने कोडं उतरवलं. उओझुमीबाई दुकानात भेटल्या. म्हणाल्या, "कुसाकारीसान, कोणाकडून सोडवून घेतलंत का? मी बघू का?" म्हटलं, तसदी नको. मत्सर हो, दुसरं काय. माझ्या संपादनातल्या पहिल्या अंकासाठी अग्रलेख लिहायला घेतला. विषय: पत्रिकेची घसरण.

१२ ऑक्टोबर
नदीकाठी सगळं मंडळ जमलं. मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचा रस्सा. सेन्सेईंच्या अंगात अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाची सोनेरी बंडी. मी कोडं दिलं आणि छोटंसं भाषण केलं. (नोबुएच्या मते छोटं नव्हतं.) सेन्सेई म्हणाले, "आण रे पेन्सिल," आणि सगळ्यांसमोर सोडवायला बसले. मधल्या ओळीपाशी थांबले. मग लिहिलं ४. पुढे २.

मोठ्याने वाचलं, "शिनी." पातेल्यातला डावसुद्धा थांबला.

मी ओरडलो, "सेन्सेई, चुकलात तुम्ही!" अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसावर, त्याच्या वाढदिवशी. म्हटलं, चाराला ती जागा घोड्याच्या चालीने बंद आहे, तो बघा पलीकडचा चार, बाजूला दोन घरं आणि वर एक.

सेन्सेई चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "अरे कुसाकारी, केइमा फक्त पुढे उडतो. बाजूला कधीपासून उडायला लागला?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"इथे चोवीसही बसतं आणि बेचाळीसही. एका कोड्याला दोन उत्तरं! जगू की मरू, ते तरी ठरवून द्यायचंस रे. आणि जन्मलास कुठे? शोगीच्या सोंगट्या घडवणाऱ्या गावात!"

मग सगळेच हसले. सेन्सेई तर ठसका लागेपर्यंत हसले. उओझुमीबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्याचाच जास्त राग आला. पत्रिका त्यांच्याकडे गेली.

१३ ऑक्टोबर
चूक माझी नाही. शोगीचा घोडाच अर्धवट आहे. मंडळाचा राजीनामा लिहिला. उद्या टाकतो.

१९ ऑक्टोबर
राजीनामा टाकला नाही. मंडळाला माझी गरज आहे.

२ नोव्हेंबर
पत्रिका आली. माझं कोडं छापलंय. खाली नियम, अर्धा पान, घोड्याच्या आठही उड्या चित्रासकट. शेवटच्या पानावर संपादिकेची सूचना: यापुढे प्रत्येक कोडं मंडळाच्या तपासनीसाने सोडवून सही केल्याशिवाय घेतलं जाणार नाही. तपासनीस: श्रीमती कुसाकारी नोबुए.

मला आधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "सांगणार होते, पण तुम्ही बोलत होतात."

९ नोव्हेंबर
नवं कोडं तयार. याआधीच्यापेक्षा सरस. नोबुएसमोर ठेवलं. म्हणाली, भांडी झाली की बघते.

भांडी मी घासली.