हातापुरती खिडकी

मी, या थिएटरची मालकीण आणि पहिल्या खेळापासून त्याच्या तिकीटखिडकीत बसलेली बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणायला आलेल्या धाकट्या भावजींना चहा पाजून परत पाठवले. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. थिएटर माझ्या यजमानांनी आणि मी स्वतःच्या कमाईतून बांधले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. आधी इथे लोक पोराबाळांसह यायचे. मग घरोघरी टीव्ही आले आणि मोठे वितरक आम्हाला नवे सिनेमे देईनात. कुलूप लावा, नाहीतर फक्त प्रौढांसाठीचे सिनेमे लावा, एवढेच उरले.

"तुला चालेल?" यांनी विचारले.

"दाराला कुलूप बघण्यापेक्षा चालेल," मी म्हणाले.

तेव्हा यांनी तिकीटखिडकीवर फळी ठोकली, हात जाईल एवढेच भोक ठेवून. गिऱ्हाइकाला माझे तोंड दिसू नये आणि मला त्याचे. खेळ सुटला की दिवे अर्धेच लावायचे, मागचे दार गल्लीत उघडायचे. शाईचे, पिठाचे, थरथरणारे, अशा हातांवरून मी सगळे गाव ओळखू लागले. फार मजेचे दिवस होते ते.

२. प्रोजेक्टर आणि उरलेली रिळे ऑपरेटरला द्यावीत. रीळ तुटून शिट्ट्या सुरू झाल्या की तो वरून ओरडायचा, "दम धरा रे, बाई कुठे पळून जात नाही!" जुनी पोस्टरे पेंटरला. एकच सिनेमा तो तीन नावांनी रंगवायचा. लोक तिन्ही वेळा फसायचे, पण तक्रार कोणी करेना. तक्रार करायची तर आधी पाहिल्याचे कबूल करावे लागते.

३. धाकट्या भावजींनी "पिढी बिघडतेय" म्हणत आमच्या दारात मोर्चा आणला होता. आता त्यांना इथे गोदाम काढायचे आहे. खडा पडलेली त्यांची अंगठी मी त्या भोकातून किती वेळा पाहिली, हे यजमानांनाही कधी सांगितले नाही. त्यांना मागच्या दाराची किल्ली द्यावी. वाट त्यांच्या पायाखालची आहे. याखेरीज माझ्या मिळकतीत त्यांचा काडीचाही हक्क नाही.

४. मुलीच्या लग्नात तिच्या सासरी आमचा कापडाचा धंदा असल्याचे सांगितले गेले. तिनेच तसे सांगायला लावले. "आई, त्या दारात मी पाय ठेवणार नाही," म्हणाली. मला राग आला आणि तो बरीच वर्षे पुरला.

हे गेल्यानंतर एका दुपारी भोकातून एक हात आत आला. मनगटावर भाजल्याचा डाग होता, लहानपणी इस्त्रीला टेकला तेव्हाचा. मलम मीच लावले होते.

"एक द्या."

"मागच्या रांगेत पंखा चालतो. तिथे बस."

"बरं."

पैशांसकट तिची मूठ मी मिटवली आणि धरून ठेवली. तिनेही हात ओढून घेतला नाही. रांगेतले कोणी खाकरले तेव्हा सोडला. ऑपरेटर सांगतो, ती पंख्याखाली बसलीच नाही. दाराशी यांचे लाकडी स्टूल असते, त्यावर बसून खेळभर रडत होती. मग मागच्या दाराने गेली. त्यावर आम्ही मायलेकी कधी बोललो नाही. बोलायला हवे होते.

थिएटर, जागा आणि ते स्टूल मी तिला देत आहे. तिने चालवावे, विकावे, पाडावे. मी विचारायला येणार नाही. अट एकच. तिने समोरच्या दाराने यावे आणि खिडकीवरची फळी आपल्या हाताने काढावी. खिळे गंजले आहेत, म्हणून ऑपरेटरला पक्कड घेऊन थांबायला सांगितले आहे.

त्या दुपारी मला तिचा चेहरा दिसला नाही.

हे सर्व वाचून, समजून घेऊन, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही : थिएटरची मालकीण
साक्षीदार : १. डॉक्टर २. गल्लीतला न्हावी, ज्याच्या आरशात आमचे मागचे दार दिसते
स्थळ : तिकीटखिडकी, आतल्या बाजूने
दिनांक : गुरुवार, पूर्वी नव्या सिनेमाच्या रिळांची पेटी यायचा वार