आज करवत मी चालवली

मंगळवार, संध्याकाळ

पाडव्याआधी यांची दोन बोटं करवतीत गेली, तेव्हापासून आमची वखार बंद. गल्लीतल्या सुतारांचंही काम अडलं; लाकूड कापून आणायला त्यांना लांब जावं लागतं.

सकाळी कोडोलीचे एक शेतकरी टेम्पोतून फणसाचं वाळलेलं खोड घेऊन आले. लेकीच्या नव्या घराची चौकट करायची होती. मला बघून म्हणाले, "बाई कापनार व्हय?"

हे घरातून ओरडले, "कापंल की! मी हाय न्हवं!"

अपघातानंतर आज पहिल्यांदाच हे करवतीजवळ आले. डाव्या हातानं खोडावर खडूची रेघ मारली. मी बटण दाबलं. भीती वाटली का? वाटलीच. पण खोड पुढं सरकवत गेले, रेघ सुटली नाही. पावण्यांनी पिवळ्याधमक फळीवरून हात फिरवला. "झ्याक झालंय, वैनी."

करवतीचा आवाज ऐकून दुपारी दोन सुतार डोकावले. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "उद्या लाकूड घेऊन या. आमची मालकीण कापून देती."