येळवसपासून मोज

सौ. शिवांजलीस,

मी इथं ठणठणीत आहे. टॉवर बंद पडलाय, म्हणून पत्र.

बाळ अंगानं मोठं दिसतंय, असं डॉक्टर म्हणाले. आई लई खूश झाली, पण माझी झोप उडाली. तू त्यांना संक्रांतीची पाळी सांगितलीस. तेव्हा नुसता डाग दिसला होता. खरी पाळी त्याआधी, मार्गशीर्ष अवसेला, येळवसला आली. म्हणून तू शेतात पूजेला आली नाहीस, प्रसादाची आंबील मीच घरी आणली, आठवतंय का? म्हणजे तुला आठवा नाही, नववा सरत आलाय.

एसटीनं माहेरी जाऊ नको. आधी मुरुमच्या दवाखान्यात हे सांग. पाय सुजलेत का?

आईला शरणार्थ.

तुझा,
गौरीशंकर

तू निघालीच असशील, म्हणून असंच एक पत्र भूमला तुझ्या माहेरीही टाकलंय.