कुलूपवाल्याचा आवाज

४ मार्च
नाव नाही! पुन्हा पुन्हा बघितलं, नाही. ही परदेशी मालिका आपल्या भाषेत आली तेव्हा शेवटी पडद्यावर यायचं – 'म्हातारा कुलूपवाला', आणि त्यापुढे माझं नाव. आता तिथे दुसराच कुणी. आवाज मात्र माझाच!

आपली नावं येतात तीही सगळ्यांच्या मागून. तिकडचे नट, तंत्रज्ञ, कुत्रा सांभाळणारी बाई – सगळे झाले की मग आवाज देणारे. तोवर कोपऱ्यात 'पुढचा भाग सुरू होत आहे' येतं आणि नावं मुंगीएवढी होतात. रिमोट धरून मांजरासारखं टपून बसावं लागतं. ही म्हणाली, "डोळे जातील अशाने." पाटीवर लिहिलं – घसा गेलाच आहे, डोळ्यांचं काय घेऊन बसलीस?

५ मार्च
नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. पहिला सीझन मी केला. मग घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला भोक आणि हातात पाटी. दुसऱ्या सीझनला कुलूपवाल्यासाठी नवा पोरगा घेतला, हुबेहूब माझ्यासारखा बोलणारा. मी त्याला पोपट म्हणतो. कंपनीने नव्या सीझनची नामावली उचलली आणि जुन्यालाही चिकटवून दिली. झालं!

या घरात माझा आवाज म्हणून उरलंय ते एवढंच. ही दुपारी भांडी आवरली की कुलूपवाल्याचा एखादा प्रसंग लावते, आवाज बारीक करून. मी आतल्या खोलीत जाऊन पडतो. तिला वाटतं मला कळत नाही.

९ मार्च
लेकीचा व्हिडिओ फोन! ती राहते त्या देशात हीच मालिका, हाच आपल्या भाषेतला आवाज – आणि नाव माझं! तिने पडद्याचा फोटो पाठवला. कडेला जावयाचा अंगठा आलाय, पण नाव स्पष्ट. ही रडली. मी फोटो बोटांनी मोठा करून बघत बसलो.

म्हणजे तिकडे मी जिवंत आणि इकडे मेलो! एकच मालिका, एकच आवाज, आणि सीमा ओलांडली की माणूस बदलतो. लेक म्हणाली, "बाबा, मी लिहिते कंपनीला. फोटो आहे की पुरावा म्हणून." लिहिलं – राहू दे. मग पुसून टाकलं. तिला दाखवलंच नाही.

११ मार्च
संध्याकाळी कानसेन आला. आमचा रेकॉर्डिस्ट, जुना दोस्त. त्याला सगळे कानसेनच म्हणतात, सुई पडली तरी टेक थांबवतो. फोटो पाहून त्याचा चेहरा उतरला. "अरे, प्रत्येक देशाची प्रत वेगळी बनते. पोरीकडे जुनी राहून गेली असेल चुकून. तुम्ही दोघं बोलू नका कुणाशी. एकदा कळलं की तीही बदलतील." लेकीचं पत्र कालच गेलंय.

मग विषय बदलायचा म्हणून त्याने 'टॉक्' काढलं. मूळ मालिकेत कुलूपवाला पाठमोरा बसून किल्ली फिरवतो, कुलूप उघडतं, तो काहीच बोलत नाही. मी माईकपुढे जीभ टाळूला लावून टॉक् केलं. आमच्या दिग्दर्शिका मॅडम ओरडल्या, "हे कुठे लिहिलंय?" कानसेनने पुसलं नाही. पुढे शाळेतली पोरंही करायला लागली!

आज माझ्याकडे तेवढंच आहे. त्याला स्वरयंत्र लागत नाही. चहा हवा असला की एकदा, मीठ कमी असलं की दोनदा. ही बरोबर ओळखते.

१७ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. लेकीने वाचून दाखवलं. 'लक्ष वेधल्याबद्दल आभार. सर्व देशांतील नामावली आता एकसारखी करण्यात आली आहे.'

एकसारखी! सगळीकडे पोपट. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. लेक रडत होती, "बाबा, माझ्यामुळे झालं." मी मान हलवली, नाही म्हणून. फोनवर तिला ते दिसलं की नाही कोण जाणे.

१८ मार्च
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. माझं तर दाबायचीही गरज नाही.

२२ मार्च
शेजारीण येऊन बसली होती. टीव्हीवर पहिलाच सीझन चालू. म्हणाली, "काय आवाज आहे हो! तरुण पोरगा आहे म्हणे, मी नाव वाचलं ना." ही भाजी निवडत राहिली. ती गेल्यावर मी लिहिलं – सांगितलं का नाहीस?

"काय दाखवून सांगू?" ही म्हणाली.

खरंच की. काय दाखवणार? मग कुठून बुद्धी झाली, विचारलं – तुला माझा आवाज आठवतो? तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "खरं सांगू? आता तो कुलूपवालाच आठवतो. तुमचा घरातला नाही आठवत."

तिची चूक नाही. पण आज वाटलं, ऑपरेशनच्या टेबलावरच संपलो असतो तर बरं झालं असतं.

२३ मार्च
हिने विचारलं, चहा? मी टॉक् केलं नाही. ठेवून गेली. गार झाला.

२६ मार्च
ही अंघोळीला गेली होती. फोन वाजत राहिला. मी कधी उचलत नाही – उचलून करणार काय! पण थांबेना. उचलला.

"सर? कानसेनकाकांनी नंबर दिला." पोपट! माझाच आवाज माझ्या कानात. ठेवणार होतो, पण तो घाईघाईने बोलत सुटला. "सर, जुन्या सीझनवर माझं नाव नको म्हणून मी भांडलोय त्यांच्याशी. ऐकत नाहीत. परत भांडेन. पण दुसरं एक सांगायचंय. दुसऱ्या सीझनमधलं ते टॉक् मी केलेलं नाही. मला जमेचना. शेवटी काकांनी तुमचं जुनंच उचलून लावलं. आता तिसरा सीझन आहे आणि मला तुमचं चोरायचं नाही. शिकवाल का?"

सवयीने पाटी उचलली, परत ठेवली.

"सर, आहात ना?"

फोन तोंडाजवळ नेला. टॉक्.

पलीकडून त्याचं आलं – चपटं, ओलं! जीभ फार पुढे लागत होती. मी पुन्हा केलं, सावकाश. त्याने केलं. मी पुन्हा. त्याने पुन्हा.

बाथरूममधून हिचा आवाज आला, "अहो, कोणाशी बोलताय?"