जावयाच्या आंघोळीचा खुलासा

आजऱ्याचे आमचे व्याही गुंडूराव यांना कोल्हापूरहून हंबीररावाचा मानाचा रामराम. विहीणबाईंचा गुडघा आता बरा असेल आणि भाताची कापणीही उरकत आली असेल. इकडे सगळे खुशाल आहोत. (म्हणजे आत्ता आहोत.) फोनच करणार होतो, पण तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून हे पत्र तुमच्या विश्वजितरावांच्या फराळाच्या पिशवीत घालून पाठवतोय.

त्याचं असं झालं, लेकीचा, स्वप्नालीचा, पहिला दिवाळसण, जावयाला पाणी गार लागू नये म्हणून मी पहाटेच गॅस गिझरचं बटण पार शेवटाला नेलं. धार बारीक असली की पाणी जास्त तापतं हे ठाऊक होतं, म्हणून तोटीही जरा आवळली. (हौस, दुसरं काय.) विश्वजितराव उटणं लावून आत गेले आणि पहिला तांब्या अंगावर घेताच आतून आवाज आला, "मामा, ह्ये पाणी हाय का भट्टीतला रस?" शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी करणारा माणूस भट्टीचं नाव घेतो म्हटल्यावर मी न्हाणीच्या दाराशी धावलो. बाहेर आले तर पाठीवर पापडाएवढा लाल डाग. स्वप्नालीनं कोरफड लावली. मी मेकॅनिकला फोन लावत होतो, तर म्हणाले, "मेकॅनिक कशाला? मी हाय की." आणि टॉवेलवरच कामाला लागले. बटण कमी केलं, तोटी सगळी सोडली, तरी धार करंगळीएवढीच आणि पाणी कढत. मग सिलिंडर बंद करून, पाणी आत येतं तिथली जाळी काढली, तर ती टाकीतल्या गाळानं बुजलेली. (मी तिला कधी हात लावला नव्हता; ती असते हेच माहीत नव्हतं.) आत पाणीच पुरेसं जात नव्हतं, मग उकळणार नाही तर काय. जाळी धुऊन बसवली, गिझर परत पेटवला आणि छान कोमट धार सुटली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

आपला,
हंबीरराव

ता. क. विनंती एवढीच, की दोन दिवस विश्वजितरावांना विहीणबाईंसमोर बनियन काढू देऊ नये.

ता. क. दुसरा. स्वप्नाली आत्ता सांगते, त्यांनी टॉवेलवर असतानाच विहीणबाईंना व्हिडिओ कॉल करून पाठ दाखवली. तेव्हा वरचं राहू द्या. दुसरंच सांगायचंय. गिझर नीट झाल्याची खात्री करताना त्यांनी टाकी रिकामी केली आणि आज नळाला पाणी यायचा वार नाही. आंघोळ राहिलीच, उटण्यावरच शर्ट चढवून गाडीत बसलेत. पाणी तापवून ठेवा, पण चुलीवर. तुमचाही गिझर एकदा उघडून बघतो म्हणत होते.