मोठ्या इंजिनामागचा जुना एक्सल

४ नोव्हें., मंगळवार
बदललेल्या इंजिनावर आज जीपची पहिली खेप. इंजिन एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचं. आरटीओत कागदावर चढवून घेण्यातच महिना गेला. खारबावहून गोदामात कामाला जाणाऱ्या नऊ जणी घेतल्या. वडप्याला गोदामाच्या फाटकाआधीच्या चढावर जुनं इंजिन धापा टाकायचं, दोघी-तिघींना उतरून चालावं लागायचं. आज कोणी उतरलं नाही. साडेसातला फाटक बंद होतं, आम्ही सात वीसला आत. राधाकाकी म्हणाल्या, आता कोणाचा अर्धा दिवस कापला जायचा नाही. मी इतकी खूश की येताना रिकामी जीप उगाच पळवली.

गॅरेजवाले रफीक उस्ताद मात्र खूश नाहीत. इंजिन त्यांनीच बसवलं, पण बजावलं, "वैनी, मागचा एक्सल तुझ्या सासऱ्यांच्या टायमाचा हाय. हा जोर त्याच्यासाठी बनलेला न्हाय." मी विचारलं, मोठा एक्सल का नाही टाकत? रुंदीला बसत नाही, कापाकापी, वेल्डिंग, आणि वर भरवसा नाहीच. मग आहे त्यालाच जपायचं. जपते. बघू कसा टिकत नाही ते.

७ नोव्हें., शुक्रवार
शुक्रवार, म्हणून आजूबाजूचे कापडाचे माग बंद. गॅरेजात बोललेलं ऐकू येत होतं. उस्तादांनी (पुढे नुसतं उ. लिहीन) शिकवलं: दर शुक्रवारी एक्सलमधलं थोडं तेल काढायचं, मागावरच्या कोऱ्या कापडाच्या तुकड्यातून गाळायचं, वर लोहचुंबक फिरवायचं. राखेसारखी पूड आली तर चालेल. कपच्या आल्या तर गाडी जागेवर उभी.

आज नुसती पूड. तुकडा वाळवला, तारीख घातली, या वहीत ठेवला. हे म्हणाले, रोजनिशी आहे की गॅरेज?

११ नोव्हें., मंगळवार
नियम. क्लच हळू सोडायचा. खड्ड्यात रेस नाही. चढावर थांबायचं नाही... पण तिथे ट्रकची रांग असते, थांबावं लागतंच. मग हँडब्रेक, अर्धा क्लच, श्वास रोखून. काकींनी विचारलं, चढावर देवाचं नाव घेतेस का. म्हटलं, एक्सलचं.

गोदामाच्या सुपरवायझरने आज सांगून टाकलं. या महिन्यात दोन दिवस गाडी आली नाही तर ठेकेदाराची बस लावणार. ती बस खारबावला येत नाही. हायवेपर्यंत बायकांनी आपलं आपण पोचायचं, पहाटे, दोन गाड्या बदलून. म्हणजे काकींचं आणि आणखी चौघींचं काम सुटलंच. माझंही.

दोन दिवस चुकायचेच नाहीत.

१४ नोव्हें., शुक्रवार
पूड जास्त.

साखरेमुळे ह्यांना दिसतं कमी, म्हणून तर चार वर्षांपूर्वी गाडी माझ्या हातात आली. पण कान शाबूत. मी दारात वळतानाच म्हणाले, रेसवरून पाय काढलास की गाडी मागून गुणगुणते. खरं आहे. दोन दिवस मलाही ऐकू येत होतं, मी कानाडोळा करत होते. म्हणाले, जुनं इंजिन दुरुस्त करून परत बसव. म्हटलं, आणि बायकांना परत चढावर उतरवू? नको तेवढा आवाज चढवला. नंतर वाईट वाटलं. पण इंजिन परत बसवणार नाही.

१८ नोव्हें., मंगळवार
गुणगुण ऐकायला उ. स्वतः खेपेला आले. माझ्या शेजारी बसले, मांडीवर सगळ्यांचे डबे. चढ झाल्यावर मागे वळून बघितलं. "मी नसतो तेव्हा इथं कोन बसतं?" कोणी नाही. डबे असतात. "आनि नऊच्या नऊ मागं?"

सासरे चालवायचे तेव्हापासून तसंच. पुढे पुरुष माणूस, बायका मागे. मग मी चालवायला लागले, तरी बायका मागेच. चार वर्षांत मलाही कधी खटकलं नाही.

उ.नी समजावलं. सगळं वजन मागच्या एक्सलवर. टायर जरा घसरला असता तर इंजिनाचा झटका तिथेच संपला असता. पण नऊ जणी वर बसल्यावर टायर रस्ता सोडत नाही, झटका सरळ एक्सलमधल्या शाफ्टवर, चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, जातो. मी रोज श्वास रोखून क्लच सोडतेय आणि घोळ हा! स्वतःचीच लाज वाटली.

१९ नोव्हें., बुधवार
स्टेशनाजवळ सगळ्या मागे चढल्यावर सांगितलं, दोघींनी पुढे या. कोणी हलेना. काकी म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याच्या बाजूची जागा ती. मी न्हाय बसाची." म्हटलं, सासरे जाऊन सात वर्षं झाली, आता त्यांच्या जागी मी बसते. कोणी हसलं नाही. मी इंजिन बंद केलं. फाटक बंद होईल, वनिता म्हणाली. होऊ दे म्हटलं. किल्ली काढून मांडीवर ठेवली.

तीन मिनिटं गेली. मग काकी पुटपुटत उतरल्या, डोक्यावरून पदर ओढून पुढे बसल्या. त्यांच्या शेजारी वनिता. शहरापर्यंत काकींनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "एवरा रस्ता दिसतो व्हय पुढून!" सात सत्तावीसला आत.

२१ नोव्हें., शुक्रवार
कपच्या. नखाएवढ्या दोन.

उ.नी दुपारी डावा शाफ्ट बाहेर ओढला. टोकाच्या खाचा सरळ असायला हव्यात, त्या पिळल्यात. डोळ्यांनी दिसतं. किती चालेल? "वरीसभर चालंल. न्हायतर उद्या जाईल. आनि ह्या गाडीत शाफ्ट तुटला का चाकच बाहेर येतं, वैनी." यात पहिल्या दिवशी मी रिकामी जीप उगाच पळवली, त्याचाही वाटा आहे. त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

सुपरवायझरला फोन केला, उद्या गाडी नाही. तो म्हणाला, एक झाला. म्हटलं, मोजता येतं मला.

२२ नोव्हें., शनिवार
उ.नी भंगारातल्या तसल्याच जीपचा शाफ्ट आणि आतली चक्रं शोधली. संध्याकाळपर्यंत बसली. एक्सल म्हणजे पुन्हा तोच, मूळचा. बदललं काय? वजनाची वाटणी आणि माझा पाय. पुरेल का? उ. म्हणाले, अल्लाला माहीत. आधी वजन घालून चालवून बघ, माणसं नकोत.

वजन कुठून आणू? काकींनी सुचवलं, प्रत्येकीच्या वजनाची वाळूची गोणी. सगळ्या भरायला आल्या. "माझी जरा चेपून भर," काकी म्हणाल्या, "मी काय हलकी न्हाय."

२३ नोव्हें., रविवार, सकाळ
गोण्या चढल्या. दोन पुढे, सात मागे. वज्रेश्वरीच्या रस्त्याला जायचं, चढावर थांबायचं, निघायचं. वीस वेळा. मग तेल गाळायचं. कपची दिसली तर बस लावा म्हणून सुपरवायझरला मीच सांगणार, आणि काकींना घरी जाऊन, तोंडावर. नाही दिसली तर उद्या नेहमीच्या वेळेला स्टेशनाजवळ.

ह्यांना बरोबर यायचं होतं. नाही म्हटलं. चाक निघालं तर माझ्याबरोबर हे नकोत. मला भीती वाटते, ती त्यांना दाखवायची नव्हती. त्यावरून परत भांडण.

मी किल्ली घ्यायला आत आले, तेवढ्यात हे चाचपडत जाऊन मागे गोण्यांमध्ये बसलेत. उतरा म्हटलं. "भांडायला कोणीतरी हवं ना गाडीत," म्हणाले. उतरत नाहीत. मला रडू आलं, रागानेच.

मागची एक गोणी उतरवली. वजन तेवढंच राहायला हवं. निघतो.